लाभ, आणि मग दोन

काल दुपारी मालेगावच्या गाडीतून एक माणूस उतरला आणि माझ्या खिडकीशी येऊन अनसिंगची गाडी कुठं लागते ते विचारू लागला. त्याच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर, शर्टाच्या शिवणीत बारीक पिवळट धूळ बसलेली होती. मी वाशीमच्या बसस्थानकावर माइकवरून गाड्या पुकारतो. दिवसभरात हजार चेहरे समोरून जातात, पण ही धूळ ओळखायला मला वर बघावं लागत नाही. दसरा मागे पडलाय, दिवाळी यायचीय, आणि गावोगावी सोयाबीनचे थ्रेशर सुरू झालेत. त्याला फलाट सांगितला, माइक हातात घेतला आणि आधी डोळे पुसले. बाजूच्या सहकाऱ्याला वाटलं डोळ्यांत धूळ गेली. मी गाडी पुकारली.

संध्याकाळी रफीकचा फोन आला. रफीक आमच्या वाशीमजवळच्या मालेगावचा, थ्रेशरचा मालक, माझ्याच वयाचा. त्याचा फोन आला की आधी गाणं ऐकू येतं आणि मग रफीक, कारण त्याच्या ट्रॅक्टरवरचा डेक तो जेवतानासुद्धा बंद करत नाही. म्हणाला, "इतवारी तुयी सुडी घेतो. यंदा तरी टायमावर तयार राय बाप्पा." सुडी म्हणजे सोंगून, रचून ठेवलेली सोयाबीनची गंजी. 'यंदा तरी' हे शब्द त्यानं जरा लांबवले. मागून गाणं चालूच होतं. कुणी एक पोरगा घर सोडून चालला होता, मोठा माणूस होऊनच परत येणार होता. फोन ठेवल्यावर मी हसलो. गेल्या हंगामात हेच गाणं मला ऐकवत नव्हतं.

या गाण्यांशी माझं नातं जुनं आहे, आणि सरळ कधीच नव्हतं. आम्ही सोळा वर्षांचे होतो तेव्हा थ्रेशर रफीकच्या अब्बांचा होता आणि टेप रफीकच्या ताब्यात. कॅसेटी मोजक्याच, पण गाणी बहुतेक सगळी एकाच गोष्टीवरची. पोरगा मोठा होतो. एक तर तो बालपण हरवलं म्हणून रडत असायचा, नाहीतर आता मी जवान झालो, दुनियेनं बाजूला व्हावं असं ठणकावून सांगत असायचा. तिसरं काही नव्हतं. ती गाणी आम्ही मालेगावच्या व्हिडिओ सेंटरमध्ये पाहिलेलीही होती. मुखड्यात दहा-बारा वर्षांचा पोरगा पळायला लागतो. मुखडा संपतो, व्हायोलिनं वाजू लागतात, कॅमेरा त्याच्या पायांवर येतो. पाय पळताहेत, पळताहेत, आणि कॅमेरा वर जातो तेव्हा वर हिरो असतो. मिशी, छाती, आवाज, सगळं जागच्या जागी. मधल्या वर्षांत त्याचं काय झालं, हे ना गाणं सांगायचं ना आम्ही विचारायचो.

आमचा त्या म्युझिकवर पूर्ण विश्वास होता. थ्रेशरला डिझेल भरण्यासाठी थांबवलं की मी आणि रफीक खळ्यापासून बांधापर्यंत पळत जायचो आणि परत यायचो. सोंगलेल्या सोयाबीनची धसकटं पायाला टोचायची. परत आल्यावर एकमेकांचा वरचा ओठ बघायचो. रफीकच्या ओठावर काहीतरी होतं असं तो म्हणायचा. माझ्या ओठावर धूळ होती.

खरं मोठं होणं माझ्या बाबतीत ओठावर नाही, घशात सुरू झालं, आणि त्याला म्युझिक अजिबात नव्हतं. त्या वर्षी माझा आवाज कुठून सुरू होईल आणि कुठं जाईल याचा भरवसा राहिला नव्हता. वर्गात 'हजर' म्हणताना 'ह' बाबांच्या आवाजात निघायचा आणि 'र' आईच्या. मुली मागे वळून बघायच्या. मी हजेरीला नुसता हात वर करू लागलो. सर म्हणाले, मुका झालास काय रे. मला ते चाललं असतं. त्या काळातलं एकही गाणं फाटक्या आवाजाच्या पोरावर नव्हतं. गाण्यातल्या पोराला एक आवाज असायचा लहानपणीचा आणि एक मोठेपणीचा, आणि दोन्ही गोड.

त्याच हंगामात मला खळ्यावर 'लाभ' म्हणायची हौस आली.

आमच्याकडे खळ्यावर धान्य मोजताना 'एक' म्हणत नाहीत. पहिलं टोपलं उचललं की म्हणायचं 'लाभ', आणि मग दोन, तीन, चार. का, तर आई सांगते की एक म्हणजे एकटं. रासेशी एकट्याचं नाव घेऊ नये. थ्रेशर आल्यापासून रास राहिली नाही, तोंडातून दाणे थेट टोपल्यात पडतात आणि टोपल्यातून कट्ट्यात, म्हणजे पोत्यात, पण पहिल्या टोपल्याला 'लाभ' म्हणणं राहिलं. आणि आमच्या घरात ते म्हणतो घरचा कर्ता पुरुष. आधी नारळ फोडतो, यंत्राच्या तोंडाखाली टोपलं धरतो, ते भरलं की उचलून, सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणतो. एवढंच. पण त्या एका शब्दासाठी माणसं काम थांबवून उभी राहतात. सोळाव्या वर्षी मला ते फार मोठं वाटायचं. गाण्यातल्या त्या व्हायोलिनांनंतर कॅमेरा वर जातो, तसं.

त्या दिवशी बाबा नारळ फोडायला वळले आणि मी पुढं होऊन टोपलं धरलं. ते भरलं. उचललं. छाती काढून म्हणालो, "लाभ." 'ला' खाली पडला आणि 'भ' थेट बाभळीवर जाऊन बसला. सगळं खळं हसलं. रफीक तर ट्रॅक्टरच्या चाकाला धरून हसला. बाबा हसले नाहीत. माझ्या हातातलं टोपलं त्यांनी काढून घेतलं, दाणे परत ओतले, पुन्हा धरलं आणि शांतपणे म्हणाले, "राहू दे. मी हाव ना आजून." मग त्यांच्या त्या जाड, तंबाखूनं खरखरीत आवाजात 'लाभ' म्हणाले आणि काम सुरू झालं.

मला ते वाक्य पुष्कळ वर्षं झोंबत राहिलं. मी अजून आहे, म्हणजे तू अजून कुणी नाहीस, असाच मी त्याचा अर्थ घेतला होता. आवाज पुढं पिकला, चांगला पिकला. तो इतका चालला की त्याच्यावर नोकरी धकते आहे. आंधळा माणूससुद्धा माझ्या आवाजावर आपली गाडी गाठतो, असं लोक म्हणतात. पण दर हंगामाला सुट्टी टाकून खळ्यावर जायचो तेव्हा पहिलं टोपलं बाबाच धरायचे आणि मी बाजूला कट्ट्यांची तोंडं शिवत उभा. लग्न झालं, पोरगा झाला, केस पिकले. 'लाभ' काही माझ्याकडे आला नाही, आणि मीही कधी मागितला नाही.

रफीकचं वेगळं झालं. आमच्या त्या हसण्याच्या पुढच्याच वर्षी, ऐन हंगामात, त्याचे अब्बा दुसऱ्याच्या खळ्यावर उभ्या उभ्या गेले. त्यानंतर आठवड्याभरात तो थ्रेशर घेऊन आमच्या वावरात आला तेव्हा ट्रॅक्टरवर तो बसला होता आणि त्याला सगळे 'रफीकभाई' म्हणत होते. आम्ही बांधापर्यंत पळालो नाही. डिझेल त्यानंच भरलं.

तर गेलं वर्ष. सोयाबीन सोंगून झालं होतं, सुडी लागली होती, ताडपत्री टाकून वर दगड ठेवले होते. बाबा शेवटचा दगड ठेवायला वाकले आणि वाकलेलेच बसले. आईला म्हणाले, छातीवर कोणी बसल्यासारखं वाटते. तिनं मला फोन केला तेव्हा मी औरंगाबादची गाडी पुकारत होतो. ती पुकार मी अर्धी सोडली, आजवरची एकमेव. वाशीमला दवाखान्यात नेलं, तिथून अकोल्याला पाठवलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या नळ्या बंद आहेत, ऑपरेशन करावं लागेल, वय पाहता आत्ताच काही सांगता येत नाही.

अकोल्याच्या त्या दवाखान्यात एक लांब व्हरांडा होता आणि त्यात बाकं. माझा मुलगा ओम तेव्हा अकरावीत होता. तो माझ्याशेजारी बसून कानात गाणी ऐकायचा. एकदा त्यानं न विचारता आपल्या कानातलं एक बोंडूक काढून माझ्या कानात घातलं. दुसरं काय करावं हे त्याला सुचलं नसावं. गाणं नव्या चालीचं होतं, पण पोरगा तोच. आता तो गात नव्हता, भरभर बोलत होता. त्याच्या खांद्यावर घर होतं, त्याला रडायची परवानगी नव्हती, एका रात्रीत तो बाप झाला होता. ओम डोळे मिटून ऐकत होता. मी त्याच्याकडे बघितलं आणि मला भीती वाटली. हे गाणं ऐकून तो घराचा कर्ता होण्याची तयारी करतोय की काय, माझी किंवा स्वतःची. शेहेचाळीस वर्षांचा मी, दोन माणसांना उचलता येतील असे खांदे आहेत, घर बांधलं, पोराला शिकवतोय, आणि त्या बाकावर मला एकच कळत होतं. मला मोठं व्हायचं नाही. आत झोपलेला माणूस आहे तोवर मी कुणाचा तरी पोरगा आहे, आणि मला तेच राहायचं आहे. असं गाणं मात्र ओमच्या फोनमध्ये नव्हतं.

ऑपरेशन झालं, पण बाबा शुद्धीवर यायला वेळ घेत होते. इकडे आकाश भरून येऊ लागलं. परतीचा पाऊस आमच्याकडे सोयाबीनच्या सुडीवर डोळा ठेवूनच येतो. भिजली की दाणे काळे पडतात, कोंब फुटतात. ओमला दवाखान्यात बाबांपाशी बसवून मी एका दिवसासाठी गावाकडे आलो. आई आदल्या दिवशीच आली होती, जनावरांसाठी. रफीक थ्रेशर घेऊन हजर होता. ताडपत्री काढली, पट्टा चढवला, नारळ आणला, टोपलं आणलं. ट्रॅक्टर सुरू झाला आणि सगळे माझ्याकडे बघू लागले.

मी टोपल्याला हात लावला नाही.

आधी कुणाला कळलंच नाही. रफीकनं ट्रॅक्टरचा आवाज कमी केला. आई पदरानं हात पुसत पुढं आली. म्हणाली, "म्हन ना विनू एक शब्द. काय तोंड दुखते काय तुयं? तुया बाबानंबी असाच म्हटला होता, तुया आजाच्या मांगं..." आणि ती थांबली. 'आजाच्या मागे' म्हणजे काय, ते तिच्याही ध्यानात आलं. आमच्या घरात 'लाभ' हातातून हातात जातो तो बापाच्या पाठीमागेच. बाप असताना तो कुणी घेतला नव्हता. ती टोपल्यापासून दूर झाली आणि दगडावर जाऊन बसली. मी आकाशाकडे बघितलं, सुडीकडे बघितलं. उत्तरेकडून काळं येत होतं. एवढं शिकलेला, दिवसभर माइकवर बोलणारा माणूस, आणि दोन अक्षरं तोंडातून निघेनात. हे वेडेपण आहे हे मला कळत होतं. पण तो शब्द मी म्हणालो की अकोल्यात काहीतरी ठरून जाईल, असं माझ्या पोटात बसलं होतं, आणि पोटाला कोण समजावणार.

रफीकनं डेक बंद केला. तो डेक मी पहिल्यांदा बंद पाहिला. उतरून माझ्याजवळ आला, बांधाकडे बघत उभा राहिला. त्याच्या मागे आणखी चार जणांच्या सुड्या रांगेत होत्या आणि पाऊस सगळ्यांच्याच डोक्यावर होता. मला वाटलं, आता हा ओरडणार. तो म्हणाला, "अब्बा गेले तवा कॅसेट चालू होती. ती साइड सुरू झाली तवा मी पोट्टा होतो. पलटली तवा मालक. मले कोनी थांब म्हटलं नाई." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू थांब. तुयी सुडी शेवटची घेतो."

आम्ही दोघांनी मिळून ताडपत्री परत टाकली. कडेनं चर खणला, पाणी आत जाऊ नये म्हणून. वर जुने टायर ठेवले. रफीक ट्रॅक्टर घेऊन गेला, आणि वळणापर्यंत गाणं लावलं नाही.

पाऊस आला. मी तोवर अकोल्याच्या व्हरांड्यात परतलो होतो आणि तिथल्या पत्र्यावर तो ऐकत बसलो. माझ्या हट्टापायी आईचं वर्षाचं पीक काळं पडणार, असं स्वतःला सांगत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स बाहेर आली आणि म्हणाली, तुमचे वडील विचारताहेत. मी आत गेलो. तोंडावरचा मास्क बाजूला करून बाबांनी पहिला प्रश्न केला तो सोयाबीनचा. काढलं काय? मी म्हणालो, नाही. त्यांनी मला मूर्खात काढलं. आवाज नव्हताच जवळजवळ, नुसती हवा, पण शब्द ओळखीचे होते. बाहेर येऊन मी ओमच्या कानातलं बोंडूक काढलं आणि त्याला मिठी मारली. तो लाजला. व्हरांड्यात लोक होते.

बाबा घरी आले तोवर दिवाळी होऊन गेली होती. गावातली सगळी खळी मोकळी झाली होती, फक्त आमची सुडी उभी होती. शेजारीपाजारी येता-जाता बोलून घ्यायचे. रफीकनं शब्द पाळला होता. सगळ्यात शेवटी ट्रॅक्टर आमच्याकडे वळला. ताडपत्री काढली तेव्हा खालचा एक थर काळा निघाला. वरचं सगळं कोरडं, खडखडीत. आईनं मूठभर शेंगा हातात चुरल्या, दाणे बघितले आणि पदरात टाकले.

बाबांना आम्ही खुर्चीत बसवून आणलं होतं. अंगात स्वेटर, डोक्याला मफलर, छातीला पट्टा. उचलायची मनाई होती, हसायचंसुद्धा जपून. त्यांनी खळं बघितलं, सुडी बघितली, मग माझ्याकडे बघून विचारलं, एवढे दिवस कायले ठेवली ही? रफीक तोंड फिरवून उभा राहिला. आईनं सांगून टाकलं की यानं लाभच म्हटला नाही. बाबांनी मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "काहून?"

मी खाली बघून म्हणालो, "तुमी हाय ना आजून."

तीस वर्षांपूर्वीचं ते वाक्य त्यांना आठवत असेल असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी फक्त मफलर सारखा केला आणि हातानं खूण केली, चालू करा. थ्रेशर सुरू झाला. नारळ त्यांनी खुर्चीतूनच दगडावर आपटला, तो दुसऱ्या झटक्यात फुटला. टोपलं मी धरलं. दाणे पडायला लागले, तो आवाज आधी पोकळ, मग भरीव होत गेला. टोपलं भरलं. मी ते उचलून त्यांच्या खुर्चीसमोर नेलं आणि त्यांनी त्याच्या काठावर दोन्ही हात ठेवले. वजन माझं, शब्द त्यांचा.

"लाभ," बाबा म्हणाले.

'ला' खाली पडला आणि 'भ' वर जाऊन फाटला. अगदी माझ्यासारखा, सोळाव्या वर्षीच्या माझ्यासारखा. खळ्यावर कुणी हललं नाही. आईनं पदर तोंडाला लावला. बाबांनी स्वतःच माझ्याकडे डोळे वर करून पाहिलं आणि छातीचा पट्टा एका हातानं दाबत हसले. "फाटला ना आवाज," म्हणाले, "तुयावानी." तेव्हा मी हसलो, आणि मग रफीक हसला, ट्रॅक्टरच्या चाकाला धरून, पूर्वीसारखाच. हसता हसता माझे डोळे वाहू लागले आणि मी ते धुळीवर ढकलले नाहीत. इतका हलका मी त्याआधी कधी झालो नव्हतो.

टोपलं कट्ट्यात रिकामं करायला मी वळलो तशी मागून बाबांची हाक आली. असं वाकून उचलतात काय पोट्ट्या, कंबर धरशील, गुडघ्यातून उचल. ओम माझ्या शेजारी कट्ट्याचं तोंड धरून उभा होता. आपल्या बापाला कुणी पोट्ट्या म्हणतं हे त्यानं पहिल्यांदाच नीट ऐकलं असावं. तो माझ्याकडे बघून दात काढत राहिला, आणि त्याच्या कानात काहीही नव्हतं.

रफीकनं डेक लावला. घर सोडून मोठा व्हायला निघालेला तोच पोरगा, जोरात. जाऊ दे त्याला, मी मनात म्हटलं. मी दुसरं टोपलं यंत्राच्या तोंडाखाली धरलं, भरू दिलं, गुडघ्यातून उचललं आणि बसस्थानकावर म्हणतो त्याहून मोठ्यानं म्हणालो,

"दोन."